माग होता तिथं

माग विकला तेव्हा फरशीत चार खड्डे उरले,
पायांचे, तेल पिऊन काळे पडलेले.
हे त्यांच्याकडे बघत महिनाभर बिड्या ओढत बसले,
मीच वळलेल्या,
हजारातून वजा होणाऱ्या.

मग ट्रान्सपोर्टच्या टेम्पोतून तीन खोकी उतरली.
"गाडी आहे," म्हणाले, "सुटी."
मी म्हटलं, त्यापेक्षा सुटे पैसे बरे.

नकाशावर एक ते दोनशे चौदा आकडे.
अठ्ठ्याण्णव नंबरचा बोल्ट आलाच नाही,
अजून यायचाय.
त्याच्या जागी मागाचा एक बसलाय,
भंगारवाल्याला नजर चुकवून ठेवलेला.

चाकं जुनी, मारुतीची,
स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभी.
एका टायरात मांजर व्याली
आणि अख्खा फेब्रुवारी
आमची गाडी तीन चाकांवर राहिली.

जैनोद्दीन वेल्डिंगला बसला की
गल्लीतले सगळे टीव्ही डोळे मिचकवायचे.
समोरचा इरप्पा लुंगी सावरत दारात:
"काय करायलाय बे व्यंकटी, रणगाडा?"
हे मान वर न करता: "बस की बे, पाना धर."
तो बसला.
पुढं सहा महिने उठलाच नाही.

काचेचं कापड आलं तेव्हा
ह्यांनी आधी त्याचा कोपरा चोळून पाहिला,
उजेडाकडे धरला, म्हणाले,
"ताणा ठीक आहे. बाणा ढिला मारलाय."
विणकराला काचसुद्धा कापडच.

मे महिन्यात रेझिन मगातच आवळलं,
ब्रशसकट.
तो मग अजून आहे, दाराला अडसर म्हणून.
तेव्हापासून पहाटे चारला उठायचं,
ऊन जागं व्हायच्या आत
एक दरवाजा, नाहीतर अर्धं बॉनेट.
कापडाखाली हवा राहिली तर मी काढायची.
तीस वर्षं पानात तंबाखू सारखी करणारी बोटं माझी,
बुडबुडा कुठं दडलाय
ते डोळ्यांआधी त्यांना कळतं.
हातमोज्यात कळत नाही,
म्हणून मोजे काढले
आणि आठवडाभर कोपरापर्यंत खाजवत बसले.

घासणं मात्र कुणी सांगू नये.
दोनशेवीसचा कागद, चारशेचा, आठशेचा,
पाणी मारायचं, घासायचं,
गाल लावून बघायचं.
माझ्या लेकीला मी कधी इतकं न्हाऊ घातलं नसेल.

रंगावरून चार दिवस बोलणं बंद.
शेवटी ह्यांनी ट्रंकेतून चादर काढली,
आमच्या मागावरची शेवटची,
म्हणाले, हा लाल.
मी म्हटलं, कुठला? वरचा तर विटलाय.
मग घडी उलगडली.
आत, जिथं ऊन कधी पोचलं नव्हतं,
तिथं तो होता.

डाईंगचे सिद्रामप्पा काठी टेकत आले.
"सुताचा रंग वेगळा, गाडीचा वेगळा,
मला विचारू नका," म्हणाले,
आणि डब्यात काडी बुडवून, उन्हात धरून,
"निळा एक थेंब कमी आहे."
घातला.
जुळला.

शेवटच्या हातावर माशी बसली.
काढली, पण पाय राहिले,
उजव्या दिव्याच्या वर, केसाएवढे दोन.
येणाऱ्या-जाणाऱ्याला हे आधी तेच दाखवतात.

आरटीओचा साहेब कागद उलटसुलट करून म्हणाला,
कंपनी कोणती?
ह्यांनी माझ्याकडे बघितलं.
मी छताकडे.
कागद तिथंच आहे.

भिंत उद्या फोडायची.
माग आत आला तेव्हा फोडली होती तीच,
नव्या विटांचा पट्टा अजून ओळखू येतो.
गवंडी तेवढा दुसरा, पहिला वारला.

रात्री हे दिवा घेऊन गाडीखाली वाकले.
म्हटलं, तेल गळतंय का?
नाही म्हणाले,
चाकं खड्ड्यांवर येतात का बघत होतो.
येतात?
नाही.
वीतभर पुढं आहेत.